काटा बिघडला की वायर? जुन्या गाडीच्या मीटरमधला दोष पायरीपायरीने शोधताना

टाकी काल गळ्यापर्यंत भरली, आणि आज किल्ली फिरवली तर पेट्रोलचा काटा तळाशीच पडून आहे. किंवा रात्रभर उभी असलेली गाडी आत्ता सुरू केली, इंजिन हाताला गार लागतंय, तरी तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात. अशा वेळी पहिला संशय मीटरवर जातो आणि माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन डॅशबोर्ड उघडायला बसतो. माझं सांगणं असं की डॅशबोर्डला हात सगळ्यात शेवटी लावायचा. जुन्या मीटरच्या आत बिघडण्यासारखं फार थोडं असतं. बिघाड बहुतेक वेळा बाहेर असतो, वायरीत, अर्थमध्ये (म्हणजे बॉडीवाटे बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेच्या वाटेत) किंवा सेंडरमध्ये.

पेट्रोल, तापमान आणि ऑइल प्रेशर या तिन्ही मीटरची रचना एकच. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून आणि काही गाड्यांत व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून (मीटरला ठराविक व्होल्टेज देणाऱ्या डबीतून) मीटरला येते, मीटरमधून एका लांब वायरीने सेंडरपर्यंत जाते आणि सेंडरमधून गाडीच्या बॉडीवाटे बॅटरीच्या निगेटिव्हला परत मिळते. सेंडर म्हणजे बदलता रेझिस्टन्स, बाकी काही नाही. टाकीतला सेंडर फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याच्या उंचीप्रमाणे बदलतो, इंजिनवरचा उष्णतेप्रमाणे, ऑइलचा दाबाप्रमाणे. या साखळीची मधली कडी, म्हणजे सेंडरवर बसणारी वायर, हाताला सहज लागते. तिथे साखळी तोडली की दोष डॅशबोर्डच्या बाजूला आहे की सेंडरच्या, हे मिनिटभरात कळतं. ही एक तपासणी नीट जमली की निम्मं काम झालं.

काटा खरं सांगत नसेल ना?

दोष शोधण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण इथली चूक इंजिनाच्या जिवावर बेतते. ऑइल प्रेशरचा काटा चालत्या गाडीत अचानक खाली आला किंवा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसलं म्हणजे दाब आहे असं होत नाही. सेंडर काढून त्याच्या जागी साधं यांत्रिक प्रेशर गेज लावून दाब मोजल्याशिवाय मीटर खोटं आहे असं समजू नका. गरम इंजिनाला मिनिटाच्या दर १००० फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) दाब असावा, असा जुना ठोकताळा आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच धरा.

तापमानाचंही तसंच. काटा वर गेला तर आधी कूलंटची पातळी, पंख्याचा पट्टा आणि रेडिएटर बघा, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. काटा नेहमीपेक्षा खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघड्या स्थितीत अडकलेला असू शकतो. आणखी एक फसवी गोष्ट सांगतो. कूलंट इतकं कमी झालं असेल की सेंडरचं टोक पाण्याऐवजी हवेत उघडं पडलंय, तर इंजिन उकळत असतानाही काटा शांतपणे खाली बसतो. तापून वर गेलेला काटा आपोआप खाली येतो आणि चालकाला हायसं वाटतं, तोच क्षण सगळ्यात धोक्याचा.

काटा कसा चुकतो, ते आधी लिहून काढा

हत्यारं काढण्याआधी दोन दिवस फक्त निरीक्षण करा. एका छोट्या वहीत लिहा: काटा नेहमीच चुकतो की अधूनमधून, खड्ड्यात हलतो का, हेडलाइट लावल्यावर सरकतो का, रेस वाढवल्यावर चढतो का. यातली प्रत्येक गोष्ट एका विशिष्ट कडीकडे बोट दाखवते.

एकच काटा बिघडला असेल तर दोष त्या मीटरच्या वायरीत किंवा सेंडरमध्ये. पेट्रोल आणि तापमान दोन्ही एकदम मेले, तर फ्यूज, स्टॅबिलायझर किंवा क्लस्टरची (डॅशबोर्डमधल्या मीटरच्या एकत्र संचाची) वीज. दोन्ही एकदम जास्त दाखवू लागले, तर जवळपास नक्कीच स्टॅबिलायझर. हेडलाइट किंवा इंडिकेटर लावताच काटे डुलतात, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात किंवा भलताच दिवा अंधुक पेटतो, तर क्लस्टरचा अर्थ गेलाय. पेट्रोलचा काटा टाकीच्या ठराविक पातळीलाच, समजा अर्ध्यावर आला की धाडकन शून्यावर पडतो आणि पुढे पुन्हा उठतो, तर सेंडरच्या आतली रेझिस्टन्सची तार त्या जागी झिजली आहे. फ्लोट सर्वात जास्त काळ तिथेच वरखाली होत राहतो, म्हणून तीच जागा आधी खराब होते.

मीटर कोणत्या जातीचं आहे हेही याच वेळी ओळखून ठेवा. किल्ली चालू केल्यावर काटा हळूहळू, काही सेकंद घेत वर येत असेल आणि बंद केल्यावर तसाच सावकाश खाली जात असेल, तर ते बायमेटल मीटर. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवतीची तार तापली की पट्टी वाकते आणि काटा ढकलते. काटा चटकन जागेवर उडी मारत असेल तर ते कॉइल आणि चुंबकाचं मीटर. या फरकाला पुढे महत्त्व आहे, कारण स्टॅबिलायझर बहुधा बायमेटल मीटरसोबतच येतो.

लागणारं सामान

मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली तीन-चार मीटर लांब वायर, ३३ ओहम ५ वॉटचा एक रेझिस्टर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि शक्य असेल तर गाडीचा वायरिंग डायग्राम. डायग्राम नसेल तरी अडत नाही, पण वायरींचे रंग तुमच्या वहीत उतरवून घ्या. मल्टिमीटर ओहमवर असताना तो चालू सर्किटला कधीही लावू नका. आकडा चुकीचा येतो आणि मीटरही बिघडू शकतं.

पहिली पायरी: फ्यूज आणि वीज

जुन्या गाडीत एकाच फ्यूजवर मीटर, इंडिकेटर, वायपर अशी बरीच कामं टाकलेली असतात. म्हणून काटे बंद पडले की इंडिकेटर चालतात का ते बघा. तेही बंद असतील तर शोध बराच सोपा झाला.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून चालत नाही. काचेच्या फ्यूजची तार शाबूत दिसते, पण टोपणाच्या आत सुटलेली असते. बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराच्या फ्यूजची टोकं आणि त्यांना धरणाऱ्या पितळी पट्ट्या काळ्या पडतात आणि वीज पुढे जात नाही. किल्ली चालू ठेवून टेस्ट लॅम्प फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावा. दोन्हीकडे सारखा उजेड हवा. एकीकडे मंद असेल तर फ्यूज काढा, पट्ट्या पॉलिश पेपरने घासा, जरा आत दाबून घट्ट करा आणि नवा फ्यूज बसवा. जास्त अँपिअरचा फ्यूज टाकून वेळ मारून नेऊ नका. शॉर्ट असेल तर मग फ्यूजऐवजी वायर जळेल.

दुसरी पायरी: मधली कडी तोडा

आता मुख्य तपासणी. ती करण्याआधी योग्य वायर धरली आहे याची खात्री करा. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असलेल्या गाड्यांत इंजिनवर तापमानाचे दोन वेगळे भाग असतात. मीटरच्या सेंडरला सहसा एकच वायर असते, तर इंजिनाच्या कंप्युटरला माहिती देणाऱ्या सेन्सरला दोन वायरींचा प्लग असतो. दोन वायरींच्या त्या प्लगला ही तपासणी लावायची नाही. ज्या गाडीचे काटे क्लस्टरमधला मायक्रोप्रोसेसर हलवतो, तिलाही ही पद्धत लागू नाही.

१. किल्ली बंद करा. सेंडरवरची वायर ओढून काढा आणि ती कशालाही टेकणार नाही अशी धरा.

२. किल्ली चालू करा, इंजिन सुरू करू नका. अर्धा मिनिट थांबा आणि काटा कुठे आहे ते वहीत लिहा.

३. त्या वायरीच्या टोकाला ३३ ओहमचा रेझिस्टर लावून त्याचं दुसरं टोक इंजिनच्या किंवा बॉडीच्या स्वच्छ धातूला टेकवा. काटा कुठे जातो ते आत बसलेल्या माणसाने सांगायचं. कॉइलचा काटा लगेच हलतो, बायमेटलला १५–२० सेकंद द्या.

४. काटा हलला की लगेच वायर काढा, किल्ली बंद करा.

बरेच जण रेझिस्टर न वापरता वायर थेट अर्थला टेकवतात. कॉइलच्या मीटरला दोन सेकंदांनी सहसा काही होत नाही, पण बायमेटलचा काटा जोरात शेवटाला आदळतो, आतली तार जास्त तापते आणि चांगलं मीटर तपासणीतच जळू शकतं. एवढासा रेझिस्टर खिशात ठेवायला काय हरकत आहे?

आता निष्कर्ष काढू. काटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे निरोगीपणे सरकला, तर मीटर, त्याची वीज आणि लांब वायर हे सगळं ठीक. दोष सेंडरमध्ये किंवा सेंडरच्या अर्थमध्ये. काटा जागचा हललाच नाही, तर दोष डॅशबोर्डच्या बाजूला किंवा मधल्या वायरीत. वायर काढलेली असतानाही काटा वर चढलेलाच राहिला, तर (खाली सांगितलेली उलट्या दिशेची मीटर सोडून) ती वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय.

काटा कोणत्या दिशेला जायला हवा, इथे गोंधळ होतो. तापमानाच्या सेंडरचा रेझिस्टन्स गरम होताना कमी होतो, म्हणून वायर अर्थ केली की काटा गरमकडे जातो. पेट्रोलच्या बाबतीत दोन परंपरा आहेत. सर्रास मिळणाऱ्या एका प्रकारात रिकामी टाकी २४० ओहम आणि भरलेली ३३. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत रिकामी ७३ आणि भरलेली १०. या दोन्हींत वायर अर्थ केल्यावर काटा भरलेलीकडे जातो. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत मात्र रिकामी ० आणि भरलेली ९०, व्हीडीओ या मीटर बनवणाऱ्या कंपनीच्या एका प्रचलित प्रकारात रिकामी १० आणि भरलेली १८०. तिथे दिशा उलटी. म्हणून आपल्याला दिशेपेक्षा काटा मोकळा फिरतो की नाही हेच आधी बघायचं.

हेच आकडे आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. कुणी आधी सेंडर बदलला असेल आणि तो दुसऱ्या परंपरेचा असेल, तर प्रत्येक भाग नवाकोरा असूनही काटा उलटा चालतो किंवा अर्ध्याच्या वर जातच नाही. नवा सेंडर घेताना तो बसतो का एवढंच बघू नका, त्याचे ओहम मोजून घ्या.

सेंडरकडे दोष निघाला तर

तापमानाचा सेंडर तपासायला सगळ्यात सोपा. थंड इंजिनावरून तो काढा, पाण्याच्या भांड्यात नुसतं त्याचं टोक बुडेल असा तारेने टांगा, थर्मामीटर सोबत ठेवा आणि पाणी तापवत दर दहा अंशांना टर्मिनल आणि पितळी अंग यांच्यामधला रेझिस्टन्स लिहा. आकडा सलग उतरत गेला पाहिजे. एका प्रचलित प्रकारात तो ६० अंश सेल्सिअसला सुमारे १३४ ओहम आणि ९० अंशांना सुमारे ५१ ओहम असतो. तुमच्या सेंडरचे आकडे वेगळे असतील, पण उतरण अशीच हवी. मध्येच उडी मारत असेल किंवा कुठल्याच तापमानाला हलत नसेल तर तो गेला. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका. सेंडरला अर्थ त्याच आट्यांतून मिळतो. टेप लागलीच तर एखादा पातळ वेढा, आणि नंतर सेंडरचं अंग ते बॅटरी निगेटिव्ह असा रेझिस्टन्स मोजून खात्री करा.

ऑइलच्या सेंडरची ओळखीची खूण म्हणजे टर्मिनलमधून झिरपणारं ऑइल. आतला पडदा फाटला की असं होतं. मग तपासत बसू नका, बदलून टाका. दिव्याचा स्विच वेगळी गोष्ट आहे. तो दाब नसताना अर्थला जोडलेला असतो आणि दाब आला की सुटतो. म्हणून किल्ली चालू आणि इंजिन बंद असताना लाल दिवा पेटलाच पाहिजे. तो पेटत नसेल तर ते ठीक असल्याचं लक्षण समजू नका. बल्ब किंवा वायर गेली आहे, आणि उद्या खरंच दाब गेला तर तुम्हाला कळणार नाही.

पेट्रोलच्या टाकीला मात्र मी घाईने हात लावू देणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साचते. म्हणून टाकीचं काम उघड्यावर करा, खड्ड्यात किंवा बंद गॅरेजमध्ये नको. टाकी पावपेक्षा कमी भरलेली असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला ठेवा. जवळ हँडलँप नको, विडी-सिगारेट नको, गॅसची शेगडी नको, आणि हाताशी आग विझवण्याचं सिलिंडर असू द्या. सेंडरची गोल लॉक रिंग पोलादी छिन्नीने ठोकू नका, ठिणगी पडते. लाकडाचा किंवा पितळेचा तुकडा घेऊन हळूहळू फिरवा. टाकीला आधी कापडाने पुसून घ्या, नाहीतर रिंगभोवतीची माती थेट आत पडेल.

सेंडर बाहेर काढला की टाकीचं तोंड झाकून टाका आणि तपासणी टाकीपासून लांब जाऊन करा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून फ्लोटचा दांडा तळापासून वरपर्यंत अगदी सावकाश फिरवा. आकडा पायरीपायरीने पण न तुटता बदलला पाहिजे. मध्ये अनंत दाखवला तर त्या जागी तार तुटलीय किंवा तिच्यावरून सरकणारी पट्टी, म्हणजे वायपर, तिच्यापासून उचलला गेलाय. नुसती काजळी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने काम होतं, आणि वायपरची पट्टी किंचित आत वाकवली तर संपर्क पुन्हा घट्ट होतो. तार घासून संपली असेल तर नवा सेंडर. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल डचमळत असेल तर फ्लोटला भोक आहे, तो बुडतो, म्हणून काटा कायम रिकामी दाखवत राहतो. पितळी फ्लोट डाग देऊन दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका, आत वाफ भरलेली असते. नवा फ्लोट लावा.

परत बसवताना पॅकिंग नवीनच घ्या.

अर्थ: सगळ्यात दुर्लक्षित कडी

माझ्या गाडीत पेट्रोलचा काटा पावसाळ्यात मरायचा आणि उन्हाळ्यात जिवंत व्हायचा. सेंडर दोनदा काढून पाहिला, ओहम दोन्ही वेळा बरोबर. शेवटी टाकीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या छोट्या वायरीचा स्क्रू सोडवला. खाली गंज होता आणि गंजावर कुणीतरी रंग मारलेला होता. बऱ्याच गाड्यांत टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसते, बॉडीला धातूने टेकत नाही. तो एकच स्क्रू तिचा अर्थ असतो.

म्हणून सेंडर बदलण्याआधी हे करा. किल्ली चालू, वायर जोडलेली, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन सेंडरच्या धातूच्या अंगावर. आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा. त्याहून बराच जास्त असेल तर अर्थमध्ये अडथळा आहे. दुसरी खात्री आणखी सोपी: लांब वायरीचं एक टोक बॅटरी निगेटिव्हला, दुसरं सेंडरच्या अंगाला लावा. टाकीच्या बाबतीत आधी टाकीकडची क्लिप लावायची आणि मग बॅटरीकडची, म्हणजे ठिणगी पडलीच तर टाकीपाशी पडत नाही. काटा लगेच जागेवर आला तर सेंडर निर्दोष. अर्थची जागा चकचकीत होईपर्यंत घासा, नवा स्क्रू आणि दातेरी वॉशर लावा, आणि वरून ग्रीस चोपडा.

क्लस्टरचा अर्थही याच पद्धतीने तपासता येतो. हेडलाइट लावल्यावर डुलणारे काटे लांब वायर जोडताच स्थिर झाले, तर पुढे काही शोधायचं राहत नाही.

स्टॅबिलायझर

१९५० ते १९८० च्या दरम्यानच्या अनेक गाड्यांत क्लस्टरच्या मागे किंवा डॅशबोर्डखाली काडेपेटीहून लहान एक पत्र्याची डबी असते. बॅटरीचं व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ असतं. बायमेटल मीटरला ते थेट दिलं तर रेस वाढवताच पेट्रोल वाढल्यासारखं दिसेल. म्हणून ही डबी वीज भराभर जोडत-तोडत राहते आणि सरासरी ठराविक ठेवते. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत ती १० व्होल्ट असते, फोर्डच्या आणि इतर काही अमेरिकी गाड्यांत ५.

तपासताना टेस्ट लॅम्प डबीच्या मीटरकडच्या टर्मिनलला लावा. तो लुकलुकला पाहिजे. अखंड पेटलेला असेल तर आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत आणि सगळे काटे जास्त दाखवतील. अजिबात पेटत नसेल तर डबीला वीज येतेय का ते आधी बघा. डिजिटल मल्टिमीटरवर आकडा नुसता उड्या मारतो, त्यावर निष्कर्ष काढू नका. काट्याचा जुना मल्टिमीटर इथे जास्त उपयोगी पडतो.

डबीचा अर्थ तिच्या पत्र्यातूनच जातो. धरणारा स्क्रू सैल झाला की आतली तार तापत नाही, तोड होत नाही आणि काटे वर चढतात. मी डबी फेकण्याआधी तो स्क्रू नेहमी काढून, घासून, पुन्हा आवळतो. डबी खरंच गेली असेल तर १० व्होल्टच्या जागी ७८१०, ५ व्होल्टच्या जागी ७८०५ हा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवता येतो. त्याची धातूची पाठ अर्थच असते, त्यामुळे ती क्लस्टरच्या पत्र्याला आवळली की उष्णताही निघून जाते. मात्र हे निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी. फार जुन्या पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत हा रेग्युलेटर असा लावला तर जळेल.

आता क्लस्टर काढा

सगळं तपासून दोष डॅशबोर्डच्या बाजूलाच ठरला असेल तरच हे काम. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा आणि स्टिअरिंगला हात लावू नका. स्टिअरिंग कॉलमवर जाड कापड टाका, क्लस्टर त्यावरच घासत बाहेर येतो. स्क्रू काढल्यावर क्लस्टर जोरात ओढू नका. मागे स्पीडोमीटरची केबल असते, तिचा क्लिप किंवा गोल नट आधी मोकळा करा. प्रत्येक प्लगचा फोटो काढा.

मागच्या बाजूला बहुधा प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर तांब्याच्या रेषा असतात. बिघाड सापडण्याची ही खात्रीची जागा. प्लग जिथे बसतो तिथल्या रेषा काळ्या पडतात किंवा उचलल्या जातात. पेन्सिलीच्या खोडरबरने हलकेच घासा, पॉलिश पेपरने नाही, कारण तांब्याचा थर कागदाइतकाही जाड नसतो. रेष तुटली असेल तर बारीक वायर डाग देऊन पूल बांधा, पण डाग देताना सोल्डरिंग आयर्न क्षणभरच टेकवा, नाहीतर प्लास्टिक वितळेल. मीटर मागच्या ज्या छोट्या नटांनी धरलेलं असतं, तेच त्याची वीज नेतात. ते सैल असतील तर आवळा, पण फिरेपर्यंत पिळू नका.

मीटरच्या दोन टर्मिनलमध्ये ओहम मोजा. बायमेटल मीटर अनंत दाखवत असेल तर त्याची तार तुटली, आणि तेव्हाच म्हणता येईल की मीटर मेलं. काट्याला बोटाने ढकलू नका आणि काटा उपटून दुसऱ्या जागी बसवण्याचा मोह टाळा.

स्पीडोमीटर वेगळ्या जातीचा

जुना स्पीडोमीटर विजेवर चालत नाही. गिअरबॉक्समधून फिरणारी केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, तिच्यात निर्माण होणारे भोवरी प्रवाह तिला ओढतात आणि केसासारखी स्प्रिंग तिला अडवते. काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबले तर केबल किंवा गिअरबॉक्सकडची दातेरी चकती. आकडे थांबले पण काटा चालतो, तर मीटरच्या आतला छोटा गिअर. कमी वेगात काटा थरथरतो, तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी तीव्र वळणात अडकली आहे.

केबलचं वरचं टोक मोकळं करा आणि दोघांनी मिळून गाडी सपाट जागेवर हळू ढकला. आतली तार फिरली तर केबल ठीक. नाही फिरली तर ती बाहेर ओढा आणि चौकोनी टोकं बघा, गोल झालेली असतील तर बदला. तार जमिनीवर सरळ ठेवून दोन बोटांत फिरवा, मध्ये उडी मारत असेल तर ती मुरडलेली आहे. ग्रीस लावायचं ते खालच्या दोन तृतीयांश भागालाच. फिरता फिरता ते वर चढतं, आणि चुंबक-वाटीच्या फटीत गेलं तर वाटी चुंबकाला चिकटून फिरू लागते, काटा थेट शेवटाला जातो. ऑइल तर अजिबात नको.

टायरचा आकार बदलला असेल तर वेग चुकीचा दिसतो, यात मीटरचा दोष नाही. मोबाइलवरच्या जीपीएसशी सरळ रस्त्यावर तुलना करा, आणि आकडा शेजारी बसलेल्या माणसाने वाचावा.

टॅकोमीटरबद्दल, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरबद्दल थोडक्यात: पेट्रोल गाडीत तो इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हकडून ठोके मोजतो, डिझेलमध्ये बहुधा अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलकडून. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यानंतर तो बंद पडला असेल तर मीटर नव्हे, त्याला मिळणारा सिग्नल बदललाय. अँमीटरला (विजेचा प्रवाह मोजणाऱ्या मीटरला) मात्र बॅटरी काढल्याशिवाय स्पर्शही करू नका. फार जुन्या गाड्यांत चार्जिंगचा सगळा प्रवाह त्याच्यातून जातो आणि सैल नट वायरिंग पेटवू शकतो.

काटा चालतो, पण आकडा पटत नाही

सगळं जोडून झालं की पेट्रोलच्या काट्याची पडताळणी करा. टाकी जवळजवळ रिकामी होऊ द्या. मग पेट्रोल पंपावर दर वेळी ५ लिटर भरून घ्या, किल्ली चालू करून पूर्ण एक मिनिट थांबा आणि काटा कुठे थांबला ते वहीत लिहा. भरताना किल्ली बंदच ठेवा. काटा सगळ्या प्रवासात सारखाच खाली किंवा सारखाच वर असेल तर फ्लोटचा दांडा थोडा वाकवून जुळवता येतो, पण त्यासाठी टाकी पुन्हा उघडावी लागते. चूक दोन-तीन लिटरची असेल तर मी दांड्याला हात लावत नाही. वहीतलं ते पान ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो: काटा पावावर म्हणजे टाकीत किती, लाल रेषेवर म्हणजे किती, आणि खाली तारीख.